टाकीतल्या विजेचा हिशेब

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला की गडकोट, तह आणि लढाया यांची अपेक्षा धरून मंडळी येतात. सातारा-सांगलीच्या माणसांनी तशी अपेक्षा धरावी यात नवल नाही. आमच्या वाट्याला आलेल्या संध्याकाळी मात्र आम्ही एका टाकीचा इतिहास सांगणार आहोत. ही टाकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीत पाहायला मिळते. आत कोमट हिरवे पाणी असते, वर आडव्या दांड्या असतात, दांड्यांना आकड्यांनी लोखंडी जॉब टांगलेले असतात आणि शेजारी अँपिअर मीटरचा काटा थरथरत असतो. काही मिनिटांनी जॉब वर काढला की लोखंडावर निकेलची चकाकी आलेली असते. या टाकीत वीज किती वाहते, जास्तीत जास्त किती वाहू शकते आणि काळाबरोबर ती का कमी होते, याचे गणित माणसाने कसे बसवले, हा आमचा विषय आहे.

आपल्या भागाला हा विषय परका नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तेथे लोखंडी नांगर होऊ लागले. साताऱ्यात कूपर कारखाना उभा राहिला. पुढे सातारा, मिरज, कुपवाड येथे औद्योगिक वसाहती झाल्या. जेथे लोखंड आले तेथे गंज आला, आणि गंज आला तेथे त्याला अडवणारा मुलामा आला. पाटण तालुक्यातील कोयनेच्या पाण्यावर १९६२ पासून वीज निर्माण होऊ लागली. ही वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होणारी. टाकीला लागते एकाच दिशेने वाहणारी. म्हणून मध्ये रेक्टिफायर बसवावा लागतो. तेथून पुढची वीज तारेतून निघून पाण्यात शिरते, आणि पाण्यात शिरली की तिचे कायदे बदलतात.

हा विषय आम्ही हौसेने निवडला नव्हता. साधारण वीस वर्षांपूर्वी एका लहान कारखान्यातील प्लेटिंग खात्याचे तीन कामगार आमच्या युनियनकडे आले. मुलामा पातळ भरतो म्हणून गिऱ्हाइकाने माल परत केला होता, आणि त्याचा भुर्दंड या तिघांच्या पगारातून कापला गेला होता. मुलामा हवा होता २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. भरला होता १२ च्या आत. कामगार म्हणत, सांगितले तेवढे आम्ही केले. साहेब म्हणत, यांनी कामचुकारपणा केला. बोनस, ग्रॅच्युइटी आणि हजेरीपट यांचे हिशेब आम्ही तोवर पुष्कळ केले होते. टाकीतल्या विजेचा हिशेब कधी केला नव्हता. पहिल्याच बैठकीत आम्ही ठासून सांगितले की वीज पुरेशी मिळत नसली पाहिजे. ते चूक होते. साहेबांनी आम्हांला मीटरपाशी नेले आणि पाच मिनिटांत ते दाखवून दिले. त्या दिवशीच्या फजितीतून आमचा अभ्यास सुरू झाला.

या अभ्यासाच्या दारातच जो माणूस भेटला तो आमच्यासारखाच शाळेबाहेर शिकलेला होता. मायकेल फॅरडे १७९१ साली इंग्लंडात एका लोहाराच्या घरी जन्मला. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने त्या व्याख्यानांची टिपणे काढली, ती नीट बांधून डेव्हींकडे पाठवली, आणि १८१३ साली त्याच संस्थेत त्याला मदतनिसाची जागा मिळाली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तिचे अनुकरण गावोगाव झाले. व्याख्याने ऐकून कोणाचे काय भले होते, असे विचारणाऱ्यास फॅरडेचे उदाहरण पुरेसे आहे.

व्होल्टाने १८०० साली पहिली विद्युतघटमाला जाहीर केली होती, आणि त्याच वर्षी विजेने पाण्याचे दोन वायू वेगळे करून दाखवण्यात आले होते. पण किती विजेने किती पदार्थ सुटतो, याचा नियम ठाऊक नव्हता. तो फॅरडेने १८३३-३४ साली दिला. नियम सरळ आहे: टाकीतून जेवढी वीज गेली, तेवढ्या प्रमाणात धातू बसतो. वीज दुप्पट तर धातू दुप्पट. वेळ दुप्पट तर धातू दुप्पट. आणि निरनिराळ्या धातूंचे प्रमाण त्यांच्या रासायनिक तुल्यभारावर ठरते. टाकीत विजेचा भार वाहून नेणाऱ्या कणांस आज आपण आयन म्हणतो. हा शब्दही १८३४ सालचाच, विल्यम ह्यूएल या विद्वानाने फॅरडेला सुचवलेला.

आजच्या मापात सांगायचे तर एक अँपिअर वीज एक तास सोडली की चांदी बसते ४.०२५ ग्रॅम, तांबे १.१८६ ग्रॅम आणि निकेल १.०९५ ग्रॅम. हा नियम इतका काटेकोर निघाला की पुढे अँपिअरच चांदीवरून मोजू लागले. चांदीच्या क्षाराच्या द्रावणातून सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी बसवणारा प्रवाह म्हणजे एक अँपिअर, अशी आंतरराष्ट्रीय व्याख्या १९४८ पर्यंत चालत होती. चांदीचा मुलामा देणारा कारागीर त्या काळी नकळत जगाचे विजेचे माप हातात धरून बसला होता, असे म्हणायला हरकत नाही.

या नियमाची वही घेऊन आम्ही दुसऱ्या बैठकीला गेलो. दहा सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद पृष्ठावर ४ अँपिअर वीज १५ मिनिटे सोडली म्हणजे एक अँपिअर-तास होतो. त्यात निकेल बसणार फार तर १.०९५ ग्रॅम. निकेलच्या एका घन सेंटिमीटरचे वजन ८.९ ग्रॅम, म्हणून घनफळ झाले ०.१२३ घन सेंटिमीटर. ते १०० चौरस सेंटिमीटरवर पसरले की जाडी भरते १२.३ मायक्रॉन. यात थोडी वीज वायू सुटण्यात वाया जाते, ते वेगळेच. २० मायक्रॉन हवे असतील तर याच प्रवाहाला २४ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. पूर्वी त्या खात्यात जॉबला २५ मिनिटे दिली जात. उत्पादन वाढवण्यासाठी ती १५ वर आणली गेली होती, आणि तसा लेखी हुकूम फळ्यावर लावलेला होता. कामगार बिचारे हुकूम पाळत होते. फॅरडेच्या नियमापुढे कोणाचीच हुशारी चालत नाही.

साहेबांनी आकडे तपासून पाहिले आणि मान्य केले. हा त्यांचा प्रामाणिकपणा आम्ही नोंदवून ठेवतो. पण ते म्हणाले, "वेळ वाढवणार नाही, अँपिअर वाढवू." हेही नियमाला धरून होते. वीज वाढली की कमी वेळात तेवढाच धातू बसायला हवा. दुसऱ्या दिवसापासून काटा सातावर नेला. चार दिवसांनी तिघांपैकी एक जण पुन्हा दारात उभा. "अण्णा, अँपिअर वाढवला तर कडा जळून काळ्या पडतात, अन् मधे पांढरा डाग राहतो. आता म्हणतात, माल जाळला त्याचे पैसे भरा."

म्हणजे फॅरडेचा हिशेब खरा होता, पण पुरता नव्हता. गेलेल्या विजेतून किती धातू बसेल हे तो सांगतो. टाकीतून किती वीज नीट जाऊ शकेल हे सांगत नाही. त्यासाठी इतिहासात आणखी पुढे जावे लागते.

हे समजण्यास आपल्या भागातील साखर कारखान्याकडे पाहावे. गव्हाणीत ऊस पडतो तोवर चरक चालतो. चरकाचा वेग कितीही वाढवा, गाड्या येतील तेवढाच ऊस गाळला जाणार. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याभोवतीच्या शिवारातला ऊस पटापट येतो. तो संपला की दूरच्या गावांहून आणावा लागतो, आणि प्रत्येक खेपेला वाट लांबत जाते. टाकीतही तसेच घडते. जॉबलगतचे निकेलचे आयन आधी बसतात. मग तेथे टंचाई होते, आणि आतल्या पाण्यातून नवे आयन यावे लागतात. हे येणे विजेच्या दाबावर फारसे अवलंबून नसते. जेथे दाटी आहे तेथून विरळ जागेकडे कण आपोआप पसरतात, त्या पसरण्यावर ते अवलंबून असते. शास्त्रात या पसरण्याला विसरण म्हणतात.

विसरणाचा नियम १८५५ साली आडोल्फ फिक यांनी मांडला. फिक हे पेशाने शरीरशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी नवे गणित शोधण्याचा खटाटोप केला नाही. फ्रान्सच्या फूरिये यांनी १८२२ साली उष्णतेच्या वहनावर ग्रंथ लिहिला होता. तापलेल्या टोकाकडून थंड टोकाकडे उष्णता कशी सरकते, याचे समीकरण त्यात होते. फिक यांनी उष्णतेच्या जागी मीठ घातले. तव्याचा दांडा तापण्याचे गणित आणि पाण्यात मीठ पसरण्याचे गणित एकच निघाले.

या गणिताचा एक निष्कर्ष चमत्कारिक आहे. विसरणाने अंतर दुप्पट कापायचे तर वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. पाण्यातला साधा आयन विसरणाने एक मिलिमीटर जायला साधारण आठ मिनिटे घेतो. एक सेंटिमीटर जायला चौदा तास. दहा सेंटिमीटर जायला जवळजवळ दोन महिने. टाकी निश्चल ठेवली तर दुसऱ्या बाजूचा धातू जॉबपर्यंत पोहोचण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, हे यावरून ध्यानात येईल.

विजेच्या प्रवाहाला हे गणित नेमके लावणारा माणूस अमेरिकेचा. फ्रेडरिक कॉट्रेल १८७७ साली ओकलंडला जन्मले, जर्मनीत लाइप्झिगला ऑस्टवाल्ड यांच्याकडे शिकले, आणि १९०३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी असा प्रश्न घेतला: सपाट पृष्ठ आहे, पाणी निश्चल आहे, आणि दाब इतका दिला आहे की पृष्ठाशी आलेला प्रत्येक आयन तत्क्षणी बसतो, तर प्रवाह काळाबरोबर कसा बदलेल? उत्तर आले की प्रवाह काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. पहिल्या सेकंदाला मीटर १०० दाखवत असेल तर चौथ्या सेकंदाला ५० आणि शंभराव्या सेकंदाला १० दाखवील. साखर कारखान्याची वाट लांबत जाते, तिचाच हा आकड्यांत मांडलेला कायदा. याच कॉट्रेल यांनी पुढे कारखान्यांच्या धुराड्यातील धूळ विजेने पकडण्याचे यंत्र शोधले, आणि त्या पेटंटांचे उत्पन्न विज्ञान-संशोधनाला मिळावे म्हणून १९१२ साली एक संस्था स्थापन केली. आपल्या शोधाचा पैसा आपल्या घरी न नेणारा माणूस म्हणूनही आम्हांला त्यांचा आदर वाटतो.

आमच्या कामगारांच्या प्रश्नाचे उत्तर १९०४ साली नेर्न्स्ट यांनी दिले. टाकीतले पाणी ढवळत ठेवले तरी जॉबला चिकटून एक पातळ थर असा राहतो की त्यातून आयनांना विसरणानेच यावे लागते. या थराची जाडी ठरली की प्रवाहाची कमाल मर्यादाही ठरते. थर निम्मा केला की मर्यादा दुप्पट. या मर्यादेपलीकडे वीज रेटली तर निकेलऐवजी पाण्यातला हायड्रोजन सुटू लागतो, पृष्ठाजवळची आम्लता उतरते, आणि मुलाम्यात काळपट चुरा मिसळतो. कडांवर आणि कोपऱ्यांवर वीज मुळातच अधिक गोळा होते, म्हणून जळण्याची सुरुवात तेथून होते. आम्ही हे वाचले आणि टाकीपाशी जाऊन पाहिले. पाणी ढवळण्यासाठी तळाशी हवेची नळी होती. तिचा ब्लोअर कित्येक महिने बंद पडलेला होता. प्लेटिंग खात्यातले मदतनीस टाकी ढवळण्याचे जे साधे काम करतात, त्यावर टाकीची सारी कुवत अवलंबून असते. पगारपत्रकात ते काम सर्वांत खालच्या दर्जाचे मानले जाते.

या गणिताचे पुढचे पाऊल प्रागला पडले. यारोस्लाव्ह हेयरोव्स्की यांनी १० फेब्रुवारी १९२२ रोजी पाऱ्याच्या थेंबावर वीज सोडून द्रावणातले पदार्थ ओळखण्याची रीत शोधली. पाऱ्याचा थेंब नळीतून वाढत वाढत काही सेकंदांनी गळून पडतो आणि प्रत्येक वेळी नवे स्वच्छ पृष्ठ मिळते. पण वाढत्या थेंबावर कॉट्रेल यांचे सूत्र जसेच्या तसे चालत नाही. स्लोव्हाकियाचे दिओनिझ इल्कोविच यांनी १९३४ साली ते बसवले. थेंबाचे पृष्ठ काळाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते, विसरण काळाच्या अर्ध्या घाताने प्रवाह घटवते. वजाबाकी केली की उरतो एक-षष्ठांश घात. इतक्या साध्या वजाबाकीमागे मोठा विचार आहे. या रीतीबद्दल हेयरोव्स्की यांना १९५९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर दाब एकसारख्या गतीने चढवत नेऊन प्रवाह मोजण्याची रीत आली. प्रवाह आधी चढतो, शिखर गाठतो आणि टंचाई झाली की उतरतो. १९४८ साली इंग्लंडात रँडल्स आणि प्रागमध्ये शेव्हचिक या दोघांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले की शिखराची उंची दाब चढवण्याच्या गतीच्या वर्गमुळावर अवलंबून असते. गती चौपट केली तर शिखर दुप्पट. १९६४ साली अमेरिकेत निकल्सन आणि शेन यांनी अनेक प्रकारच्या विक्रियांसाठी या आलेखांचे आकडे गणून कोष्टके दिली. विजेने पदार्थांचे पातळ पापुद्रे बसवण्याचे संशोधन कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अनेक वर्षे चालत आले आहे. सातारा-सांगलीची मुले त्याच विद्यापीठात शिकतात, आणि असेच चढउताराचे आलेख काढतात.

१९६४ सालीच फेल्डबर्ग आणि आउअरबाख यांनी संगणकाने हे प्रश्न सोडवण्याची वाट दाखवली. तिचे तत्त्व चौथी शिकलेल्या माणसालाही समजते, म्हणून ते येथे सांगतो. पाण्याचे पातळ थरांत कप्पे पाडा. प्रत्येक कप्प्यात १०० आयन आहेत असे धरा. प्रत्येक फेरीला प्रत्येक कप्प्याने निम्मे स्वतःकडे ठेवायचे, पाव डावीकडच्या शेजाऱ्याला द्यायचे आणि पाव उजवीकडच्या. डावीकडे शेवटी जॉब आहे. तो घेतो, परत देत नाही. आता पहिल्या कप्प्याची शिल्लक पाहा. पहिल्या फेरीनंतर ७५, दुसरीनंतर ६२.५, चौथीनंतर सुमारे ४९, सोळावीनंतर २७ आणि चौसष्टावीनंतर १४. जॉबला मिळतो तो या शिल्लकीचा पाव भाग. म्हणून ही शिल्लक म्हणजेच प्रवाहाचे माप. सोळाच्या चौपट चौसष्ट. आणि २७ चे झाले १४, म्हणजे जवळजवळ निम्मे. कॉट्रेल यांचे वर्गमूळ बेरीज आणि भागाकार यांतून आपसूक बाहेर येते. आमच्या रात्रीच्या वर्गात हे कोष्टक चौकटीच्या वहीवर पेन्सिलीने भरले गेले. सोळा फेऱ्यांना एक संध्याकाळ पुरली.

तेच कोष्टक घेऊन आम्ही तिसऱ्या बैठकीला गेलो. या वेळी कामगार स्वतः बोलले. ज्याने कडा जळाल्याचे सांगितले होते त्याने कप्पे काढून दाखवले, आणि ब्लोअर बंद असताना काटा सातावर नेणे का चुकीचे आहे हे समजावले. ब्लोअर दुरुस्त झाला, प्रवाह पूर्ववत झाला, वेळ २५ मिनिटांवर गेला. एका जॉबचे आकडे स्वच्छ घासलेले नव्हते, ती मात्र कामगारांची चूक होती. ती त्यांनी कबूल केली आणि आम्हीही लपवली नाही. कापलेले पैसे परत मिळाले, पण दोघांना. तिसरा कामगार दरम्यान वैतागून नोकरी सोडून गेला होता. पुष्कळ चौकशी करूनही त्याच्यापर्यंत आम्ही पोहोचू शकलो नाही. हिशेब शिकायला आम्हांला जो उशीर झाला, त्याची किंमत त्याने भरली.

म्हणून या व्यासपीठावरून आमचे एवढेच सांगणे आहे. लोहाराच्या मुलाने नियम शोधला, शरीरशास्त्राच्या अभ्यासकाने उष्णतेचे गणित पाण्याला लावले, आणि आपल्या वसाहतीतल्या माणसाने ते चौकटीच्या वहीवर पडताळून पाहिले. यांत कोणतीही पायरी आपल्याला चढता येणार नाही अशी नाही. ज्याचा पगार मीटरच्या काट्यावर ठरतो, त्याला तो काटा का हलतो हे समजले पाहिजे. श्रोत्यांपैकी ज्यांना कप्प्यांचे कोष्टक करून पाहायचे असेल त्यांनी घरी वही घ्यावी आणि सोळा फेऱ्या भराव्यात. कोठे अडले तर आमचा रात्रीचा वर्ग उघडा आहे.